गळाला लागलेला मासा कुणाचा?

तलावावर मासेमारीची स्पर्धा घेण्याआधी सरपंचांनी, शेतकऱ्यांनी आणि मच्छीमार संस्थांनी काय पाहावे

शेतकरी बंधूंनो, रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूने तुमच्या वावरातल्या हरभऱ्याची चार झाडे उपटली तर तुम्ही फार मनावर घेत नाही. "खाऊ दे बापा, चार घाट्यानं काय होते," असे म्हणून सोडून देता. पण समजा, तोच वाटसरू पुढच्या रविवारी पन्नास माणसे घेऊन आला. धुऱ्यावर मंडप टाकला, भोंगा लावला आणि 'सर्वात जास्त हरभरा उपटणाऱ्याला पहिले बक्षीस' असे जाहीर केले. मग तुम्ही काय कराल? आधी विचाराल, "वावर कोणाचं आहे बाबू?"

नेमका हाच प्रश्न तलावाच्या बाबतीत कुणी विचारत नाही. पाणी उघड्यावर असते, त्याला कुंपण नसते, मासा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो देवाचा, म्हणजे ज्याच्या गळाला लागला त्याचा, असा समज आहे. सुटीच्या दिवशी कुठल्याही तलावाच्या पाळीवर पाहा, गळ टाकून बसलेली चार-दोन माणसे दिसतातच. त्यांच्याने तलाव काही रिकामा होत नाही. परंतु हौशी मासेमारीचा हा नाद आता जगभर स्पर्धा, क्लब आणि बक्षिसांपर्यंत गेला आहे. खापा नागपूरपासून काही फार लांब नाही. उशाला कन्हान नदी आहे, जवळच खेकरानाल्याचा जलाशय आहे आणि सावनेर तालुक्यात लहानमोठे तलावही आहेत. उद्या कुणी शहरातून "तुमच्या तलावावर स्पर्धा घेऊ, गावाचे नाव होईल" असा प्रस्ताव घेऊन ग्रामपंचायतीत आला, तर त्याला काय उत्तर द्यायचे? हो म्हणायचे की नाही? आणि हो म्हणायचे तर कोणत्या अटींवर? त्याचा विचार आजच करून ठेवलेला बरा.

हा खेळ आला कुठून?

अमेरिकेतल्या गोड्या पाण्यात 'बास' नावाचा मासा असतो. मोठ्या तोंडाचा, शिकारी, गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी मारणारा. आपल्या कोकणातल्या जिताड्यालाही इंग्रजीत बासच म्हणतात, पण तो वेगळा. अमेरिकेतला हा बास खाण्यापेक्षा खेळवण्यासाठी जास्त प्रसिद्ध आहे. रे स्कॉट नावाच्या अलाबामातल्या एका विमा एजंटाने १९६७ साली आर्कान्सा राज्यातल्या बीव्हर लेकवर या माशाची स्पर्धा भरवली. प्रवेश फी होती १०० डॉलर आणि आले १०६ जण. दुसऱ्याच वर्षी त्याने बास पकडणाऱ्यांची संघटना काढली. पुढे गावोगावी क्लब निघाले आणि आज त्या देशात तो कोट्यवधी डॉलरचा धंदा आहे. बोटी, गळ, दोऱ्या, तळ्याकाठची हॉटेले, सगळे त्यावर चालते.

या स्पर्धेची पद्धत समजून घ्या. सकाळी सगळे एका वेळी पाण्यात उतरतात. ठरलेल्या लांबीपेक्षा लहान मासा धरायचा नाही. बहुतेक ठिकाणी एका माणसाचे पाचच मासे मोजतात. पकडलेला मासा बोटीतल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचा, दुपारी काठावर आणून वजन करायचे आणि पुन्हा तलावात सोडायचा. मेलेला मासा आणला तर वजनातून दंड कापतात.

सुरुवातीला असे नव्हते. पकडलेले मासे मरत, आणि एका दिवसात एवढे मासे काढले तर तलावात उरणार काय, अशी ओरड झाली. तेव्हा १९७२ पासून स्कॉटने 'पकडलेला मासा मारू नका' ही मोहीम सुरू केली. लक्षात घ्या, ज्याचा धंदाच मासे पकडण्याच्या स्पर्धेवर चालत होता, त्यालाही पाच वर्षांत कळून चुकले की मासा राहिला तरच स्पर्धा राहील. अलीकडे तर काही स्पर्धांत मासा काठापर्यंतही आणत नाहीत. जागेवरच मोजतात आणि तिथेच सोडतात.

आपल्याकडचा अनुभव

गळाची हौस आपल्या राज्यातही जुनीच आहे. मुंबईचा पवई तलाव १८९१ च्या सुमारास शहराला पाणी देण्यासाठी बांधला. ते पाणी पिण्याच्या कामाचे राहिले नाही, पण गळवाल्यांना तलाव सापडला. महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही हौशी मासेमारांची संस्था तिथे अनेक दशकांपासून आहे. सभासदांनी वर्गणी द्यायची, नियम पाळायचे, तलावात मत्स्यबीज सोडायचे, असा तिचा कारभार. म्हणजे मासा काढणाऱ्यानेच मासा घालायचाही. ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

दुसरा अनुभव कर्नाटकातला. कावेरी नदीत महसीर हा मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा मासा आहे. १९७० च्या दशकापासून तिथे हौशी मासेमारांच्या संघटनेने नदीचा पट्टा सांभाळला, मासा पकडून सोडण्याचा नियम केला. देशोदेशीचे लोक पैसे मोजून येऊ लागले. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणाऱ्या स्थानिक माणसांना वाटाड्या आणि राखणदार म्हणून काम मिळाले. ज्या माणसाला नदीचा डोह न डोह माहीत, त्याच्याइतका चांगला राखणदार दुसरा कोण? पुढे अभयारण्याच्या हद्दीतली ही मासेमारी वन्यजीव कायद्यामुळे थांबली, तो भाग वेगळा. पण मासा जिवंत ठेवूनही गावात चार पैसे येऊ शकतात, एवढे त्यातून दिसले.

कावेरीच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ती आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे आणि कडू आहे.

बाहेरचा मासा नको रे बाबा

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीरचे बीज तयार करण्याचे केंद्र सुरू केले. काम चांगले होते, हेतू चांगला होता. तिथली बोटुकली देशभर गेली, तशी कावेरीतही सोडली गेली. पण ती निळसर पंखांच्या महसीरची होती. कावेरीचा मूळचा महसीर वेगळा, पाठीवर कुबड असलेला. पाहुणा वाढत गेला आणि घरचा मासा हटत गेला. २०१८ साली या कुबडाच्या महसीरची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. वाळूउपसा, धरणे, सुरुंग ही कारणेही त्यामागे आहेतच, परंतु बाहेरून आणलेल्या भावकीनेही त्याला रेटले.

जपानचा धडा तर याहून सरळ आहे. तिथे १९२५ साली अमेरिकेतून बास मासा आणून एका तळ्यात सोडला. नंतर तो हौशी लोकांच्या हातून देशभर पसरला. बिवा हे जपानचे सर्वात मोठे तळे. तिथे १९७० च्या दशकात बास दिसू लागला आणि दहा वर्षांत माजला. तळ्यातले मूळचे मासे, ज्यांच्यावर कोळ्यांची घरे चालत होती, ते घटले. अखेर २००३ पासून त्या भागात असा नियम झाला की गळाला बास लागला तर तो पुन्हा तळ्यात सोडायचाच नाही. याच बिवा तळ्यात २००९ साली एका गळवाल्याने दहा किलोंवरचा बास काढून १९३२ च्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. गळवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कोळ्याला मात्र प्रश्न पडला असेल, दहा किलोंचा होईस्तोवर यानं माझे किती मासे गिळले?

जपानच्या सम्राटांनीही एक गोष्ट जाहीरपणे बोलून दाखवली. युवराज असताना १९६० साली त्यांनी अमेरिकेहून ब्लूगिल नावाचा मासा भेट म्हणून आणला होता. तोही माजला. २००७ साली बिवाकाठच्या कार्यक्रमात त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. राजाला जे निस्तरता आले नाही, ते ग्रामपंचायतीला निस्तरता येईल काय?

लांब कशाला, आपल्याकडचे पाहा. १९५२ साली भारतात तिलापिया आणला, ज्याला आपण चिलापी म्हणतो. आज राज्यातल्या मोठमोठ्या जलाशयांत त्याचीच गर्दी आहे. 'थाई मागूर' म्हणून विकला जाणारा आफ्रिकी मासा लहान मासे, बेडूक, काही सोडत नाही. त्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून वाढवला जातो. तेव्हा स्पर्धेला रंगत यावी म्हणून कुणी "एक नवीन, जोरदार मासा आणून सोडू" म्हणाला, तर त्याला तिथेच हात जोडा. आपल्या पाण्यातली मरळ काय कमी जोरदार आहे? तिला खेळवताना भल्याभल्यांच्या दोऱ्या तुटतात.

तलावातला कटला आला कुठून?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपल्या तलावांत कटला, रोहू, मृगळ हे मासे दिसतात. अनेकांना वाटते ते आपोआप होतात. बंधूंनो, ते आपोआप होत नाहीत. हे तिन्ही मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला पूर आणि वाहते पाणी लागते. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने कार्प माशाला इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली आणि तेव्हापासून केंद्रात बीज तयार होऊ लागले. म्हणूनच १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

त्या केंद्रातून अगदी जिऱ्याएवढे पिल्लू निघते, त्याला मत्स्यजिरे म्हणतात. ते वाढवून बोटाएवढे केले की झाली बोटुकली. ही बोटुकली मच्छीमार संस्था विकत घेते, डब्यांत किंवा प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत घालून आणते आणि पावसाळ्यात तलावात सोडते. गावतळ्यात हेक्टरी पाच हजारांच्या आसपास, मोठ्या जलाशयात त्याहून बरीच कमी. त्यातली किती जगतात? पक्षी खातात, मोठे मासे खातात, सांडव्यावरून वाहून जातात. उरलेली नीट वाढली तर वर्षभरात किलोच्या आसपास भरतात.

म्हणजे पाळीवर बसलेल्या माणसाच्या गळाला जो कटला लागतो, तो कुणीतरी पैसे मोजून पेरलेला असतो. ठेक्याची रक्कम, बीज, जाळी, डोंगा, राखणदारी, हा सगळा खर्च संस्थेचा. तुम्ही बियाणे, खत आणि मजुरी लावता, तसेच हे आहे. सरकारनेही आता तेच मान्य केले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा वावरातला हरभरा आणि तलावातला कटला यांत फरक करायचे कारण उरत नाही.

मरळ, मागूर, शिंगाडा हे मासे मात्र तलावातच प्रजनन करतात. त्यांना कुणी पेरत नाही, पण म्हणून ते बेवारस ठरत नाहीत. ढिवर समाजातल्या अनेक घरांचा रोजचा भाजीपाला याच माशांवर येतो. तुम्ही पावसाळ्यात पाहिले असेल, पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरतो आणि त्याच्या खाली मरळ राखण करत असते. त्या वेळी ती पिल्लांच्या मायेने जवळ येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर झडप घालते, म्हणून गळाला चटकन लागते. एक मरळ काढली की तो अख्खा पुंजका इतर माशांच्या तोंडी गेला समजा.

परवानगी नेमकी कुणाची?

इथे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजूनही सवयीने ग्रामसेवकच म्हणतो, त्यांनी लक्ष द्यावे. तलावाचे पाणी एकाचे, मासा दुसऱ्याचा, काठ तिसऱ्याचा, असे असू शकते.

गावतळे ग्रामपंचायतीचे असते. लहान सिंचन तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे असतो. खेकरानाल्यासारखा मध्यम प्रकल्प जलसंपदा विभागाचा. मासेमारीचा हक्क मात्र ठराविक मुदतीच्या ठेक्याने दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला. ठेका चालू असेपर्यंत मासा संस्थेचा. काठाला जंगल लागले असेल तर वनखात्यालाही विचारावे लागेल. म्हणून "सरपंचानं हो म्हटलं" एवढ्यावर स्पर्धा होत नाही. ठेक्याचा करारनामा कुणाच्या नावे आहे, मुदत कधी संपते, दुसऱ्याला मासेमारी करू देण्याबाबत त्यात काय अट आहे, हे आधी वाचा. नागपूरला मत्स्यव्यवसाय विभागाचे सहायक आयुक्त कार्यालय आहे, तिथे लेखी विचारा.

पाण्यातल्या माशावरचा हक्क ही किती नाजूक गोष्ट आहे हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. पेंचच्या तोतलाडोह जलाशयाचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. राष्ट्रीय उद्यानामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींना मध्य प्रदेश सरकारने मासेमारीचे ३०५ परवाने दिले होते, त्याला आव्हान दिले गेले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. परवान्यावर फोटो हवा, ठरलेल्या वाटेनेच जायचे, काठावर आग पेटवायची नाही, अशा अटी घातल्या. पोटही पाहिले, जंगलही पाहिले. ३०५ कुटुंबांच्या माशासाठी जिथे देशातल्या सर्वात मोठ्या न्यायालयाला एवढा विचार करावा लागला, तिथे आपण एका रविवारसाठी तोंडी 'हो' म्हणून मोकळे व्हायचे काय?

थोडा हिशेब करू

आता कागद-पेन घ्या. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपापल्या तलावाप्रमाणे बदलून पाहा.

समजा स्पर्धेला ६० जण आले. प्रवेश फी प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे जमा ३०,००० रुपये. बक्षिसांना १२,००० गेले. मंडप, चहा-नाश्ता, भोंगा यांना ९,००० गेले. उरले ९,०००. आयोजकांनी मोठ्या मनाने ते सगळे मच्छीमार संस्थेला दिले, असे धरू.

पण प्रत्येकाने सरासरी दोन किलो मासा घरी नेला तर? ६० जणांचा १२० किलो. पाळीवरचा भाव १५० रुपये किलो धरला तर तो माल १८,००० रुपयांचा. म्हणजे फोटो छापून आले, गावाचे नाव झाले आणि संस्थेला ९,००० रुपयांचा खड्डा पडला. वरून लोक म्हणणार, "तुम्हाला तं नऊ हजार देल्ले, आणखी काय पाहिजे?"

तीच स्पर्धा मासा पकडून, मोजून, जिवंत सोडण्याच्या अटीवर घेतली तर ते ९,००० संस्थेचे निव्वळ राहतात. काही मासे हाताळणीत मरतील, तेवढा भाग वजा करा. त्यात डोंग्याचे भाडे, वाटाड्याची मजुरी, बचत गटाच्या बायांनी केलेले जेवण हे जोडले तर गावातही पैसा फिरतो. फरक सगळा एका अटीचा आहे.

घ्यायचीच तर अशी घ्या

पहिली गोष्ट, काळ. जुलै-ऑगस्टमध्ये मुळीच नको, तो माशांच्या विणीचा काळ. मे महिन्यातही नको. आपल्याकडे तेव्हा पारा पंचेचाळिसाला टेकतो, तलाव आटलेला असतो, कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि सोडलेला मासा तासाभरात पोट वर करून तरंगतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. पाणी थंड असते आणि तलावही भरलेला असतो.

दुसरी गोष्ट, शेतकऱ्यांचे काम. या काळात रब्बीची पाळी चालू असते. कालव्याच्या दारापाशी, सांडव्यावर आणि पाळीच्या उतारावर कुणालाही बसू देऊ नका. पाणी खाली सरकले की काठच्या जमिनीवर गाळपेर होते. तिथे गहू, हरभरा उभा असतो. मोटारी कुठे ठेवायच्या आणि पाण्याकडे कोणत्या वाटेने जायचे, हे गाळपेरवाल्या शेतकऱ्यांना विचारून चुना टाकून आखून द्या.

तिसरी, माशाची हाताळणी. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायला लावा. म्हणजे गळ सहज निघतो आणि माशाचा जबडा फाटत नाही. मासा ओल्या हाताने धरायचा, कोरड्या हाताने धरला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे त्याला बुरशी लागते. कटला, रोहू पाण्याबाहेर फार टिकत नाहीत. मरळ आणि मागूर हवेतला श्वास घेतात म्हणून थोडे तग धरतात. तेव्हा वजनकाट्याच्या रांगेत मासे तडफडत ठेवण्यापेक्षा लांबी मोजायची पट्टी वापरा. संस्थेच्या माणसासमोर पट्टीवर ठेवून फोटो काढा आणि लगेच सोडा. आजकाल सगळ्यांच्याच हातात मोबाइल आहे, तो इथे कामी येईल.

चौथी, चारा. गांडूळ, कणकेचा गोळा, ढेप एवढेच चालेल. बाहेरून आणलेला जिवंत मासा चारा म्हणून वापरायला साफ मनाई करा. उरलेली पिल्ले लोक जाताना पाण्यात ओततात आणि नको तो मासा अशाच वाटेने तलावात शिरतो.

पाचवी, माणसांचा जीव. एकट्याने पाण्यात उतरायचे नाही, दारू पिऊन आलेल्याला परत पाठवायचे, डोंग्यात बसणाऱ्याला तरंगते जाकीट सक्तीचे. तलावाचे खड्डे आणि जुन्या विहिरी संस्थेच्या ढिवरांना माहीत असतात, शहरातल्या पाहुण्याला नाही. म्हणून पट्टीचे पोहणारे दोन-तीन ढिवर रोजीने नेमा. पोलीस ठाण्याला आधी कळवा.

सहावी, कचरा. तुटलेली नायलॉनची दोरी आणि गळ काठावर राहिले की त्यात बगळे अडकतात, बैलाच्या खुरात गळ जातो. प्रत्येकाकडून अनामत रक्कम घ्या. आणलेली दोरी आणि गळ दाखवले की ती परत.

आणि सातवी, जी खरे म्हणजे पहिली पाहिजे होती. आयोजक, मच्छीमार संस्था आणि ग्रामपंचायत यांनी मिळून साधा एक पानाचा करार करा. किती जण येतील, फी किती, संस्थेचा वाटा किती आणि तो कधी मिळणार, मेलेल्या माशाची भरपाई कोण देणार, हे त्यात लिहा. संस्थेचा वाटा स्पर्धेच्या आधी जमा झाला पाहिजे. मंडप उठल्यावर आयोजक कुठे शोधणार? जमल्यास एक अट अशी घाला, की प्रत्येक स्पर्धकाने येत्या पावसाळ्यात शंभर बोटुकलीचे पैसे द्यायचे. पवईवाल्यांचा जुना नियम आपणही चालवू.

संस्थांनाही दोन शब्द

मच्छीमार बांधवांनो, तुमच्याकडेही बोट दाखवायला जागा आहे. ठेका संस्थेच्या नावे आणि मासा काढतो बाहेरचा व्यापारी, असे कागद काही ठिकाणी रंगलेले असतात. अशा संस्थेला गळवाल्यांना अडवण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. सभासदांची सभा वेळेवर घ्या, किती बीज सोडले याची नोंद ठेवा, ते सोडताना सरपंचांना आणि शाळेच्या मास्तरांना बोलवा. गावाने डोळ्यांनी पाहिले की बोटुकली पाण्यात पडली, तर गावच तुमची राखण करील. सुरुंग लावणारा किंवा पाण्यात विष टाकणारा दिसला तर लगेच तक्रार करा. राज्याच्या १९६० च्या मत्स्यव्यवसाय कायद्यात त्याला मनाई आहे, आणि तेच पाणी तुमची-आमची जनावरे पितात.

आणि रविवारी एकटा येऊन काठावर बसणाऱ्या म्हाताऱ्याशी भांडू नका. तो वाटसरूचा चार घाट्यांचा हरभरा आहे. दिवसाची दहा-वीस रुपयांची पावती फाडा, दोन शब्द बोला. तोच उद्या चोरट्या जाळ्याची खबर आणून देईल.

सरपंच मंडळींनी येत्या ग्रामसभेत एक काम करावे. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक तलावापुढे तीन नावे लिहावीत: पाणी कुणाचे, ठेका कुणाचा, काठाची जमीन कुणाची. ठेक्याची मुदतही लिहावी आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. मग स्पर्धेचा प्रस्ताव घेऊन कुणीही येवो, त्याला आधी तो फलक दाखवता येईल.